स्टार ट्रेकच्या समस्त भांडखोर चाहत्यांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

अवकाशयानातून ग्रहोग्रही फिरणाऱ्या आपल्या लाडक्या अमेरिकी मालिकेत, म्हणजे मूळ 'स्टार ट्रेक' आणि तिच्या पुढच्या भावंडांत, 'सगळ्यात टिपिकल भाग कोणता' या वादातून तुम्ही तयार केलेली यादी वाचली. इतकी मेहनत पाहून कौतुक वाटलं. पण पहिल्या पाचात 'स्पॉक्स ब्रेन' दिसला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

अहो, मूळ मालिकेतला परग्रहवासी अधिकारी स्पॉक, त्याचा मेंदू कुणीतरी चोरून नेतं. मागे उरलेलं धड रिमोटवर चालवत कॅप्टन कर्क आणि डॉक्टर मॅकॉय एका ग्रहावर उतरतात. मेंदू परत बसवताना मॅकॉय मध्येच सगळं विसरायला लागतो, तेव्हा टेबलावर पडलेला स्पॉक स्वतःच त्याला पुढचं सांगत जातो. याला टिपिकल म्हणायचं? १९६८च्या सप्टेंबरात तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग म्हणून हा दाखवला गेला, आणि तेव्हापासून आजतागायत त्याची टिंगल चालू आहे. अर्धशतकाहून जास्त काळ ज्याची टिंगल होते ते वाईट असेल, येडचाप असेल, पण चारचौघांसारखं खचितच नाही.

तीच गत 'थ्रेशोल्ड'ची. 'व्हॉयेजर' या नंतरच्या मालिकेतला जहाजाचा चालक टॉम पॅरिस वॉर्प दहाचा, म्हणजे अशक्य मानलेला, वेग गाठतो, मग त्याचं शरीर सडायला लागतं, जीभ गळून पडते, आणि शेवटी तो आणि कॅप्टन जेनवे दोघं सरड्यासारखे होऊन चिखलात लोळतात. पिल्लंही होतात त्यांना! या भागाला मेकअपचं एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मानाचं बक्षीस, मिळालेलं आहे, बरं का. आणि 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेतला 'सब रोझा', ज्यात जहाजाच्या डॉक्टर क्रशरच्या आजीच्या मेणबत्तीत भूत राहतं. हे तिन्ही भाग तुम्ही 'टिपिकल'च्या यादीत घातलेत, म्हणजे तुम्ही 'वाईट' आणि 'टिपिकल' एकाच पिशवीत कोंबलंत. भाजीवाल्याने भेंडीत कारली मिसळावीत तसं.

मी मालिका लिहिते. संवादलेखिका म्हणून वीसेक वर्षं मराठी डेली सोपच्या घाण्याला जुंपलेली बाई आहे. त्यामुळे अवकाशयानात वॉर्प कोअर कसा चालतो हे मला विचारू नका, पण टिपिकल भाग कसा तयार होतो, किती वाजता तयार होतो आणि तेव्हा लेखकाच्या पोटात काय असतं (बहुतेक वेळा फक्त पार्ले-जी), याबद्दल मला चार गोष्टी कळतात. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

आधी शब्दाचंच बघू. 'टिपिकल' हा शब्द आपण मराठीत दोन अगदी उलट अर्थांनी वापरतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. 'टिपिकल पुणेरी पाटी' म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं की अशी पाटी दुसरीकडे कुठे सापडणारच नाही. आणि 'टिपिकल लग्नातलं जेवण' म्हणतो तेव्हा? पनीरची एक भाजी, जिरा राइस, गुलाबजाम, कोपऱ्यात चायनीजचा काउंटर. नवरा-नवरीची नावं माहीत नसली, कार्यालय नाशिकचं की नांदेडचं हे माहीत नसलं, तरी जेवण तेच. एका टिपिकलला ठसठशीत चेहरा आहे, दुसऱ्याला चेहराच नाही.

तुमच्यातली निम्मी मंडळी पहिल्या अर्थाने भांडतायत आणि निम्मी दुसऱ्या. मग वाद मिटणार कसा? एकजण म्हणतो, कर्क बोलून बोलून कॉम्प्युटरला मारतो तो भाग सगळ्यात टिपिकल. दुसरा म्हणतो, छे, जहाज कुठल्याशा ढगात अडकतं तो. पहिल्याचं म्हणणं पुणेरी पाटीचं आहे, दुसऱ्याचं लग्नाच्या जेवणाचं. मी यापुढे दुसऱ्या प्रकाराला 'बिनचेहऱ्याचा भाग' म्हणणार आहे. तुम्ही यादी करताय ती याचीच, असं समजून पुढे लिहिते.

कर्कचं बघा. 'रिटर्न ऑफ द आर्कॉन्स'मध्ये लँड्रू नावाच्या यंत्राला तो त्याच्याच तर्कात अडकवून जाळतो. 'द चेंजलिंग'मध्ये नोमॅडला तेच. 'द अल्टिमेट कॉम्प्युटर'मध्ये एम-फाइव्हला पुन्हा तेच. तुम्ही म्हणता, तीनदा वापरलेली युक्ती म्हणजे टिपिकलची हद्द झाली. मी म्हणते, ही तर त्याची सही आहे. आमच्या आजीला कीर्तनाचं वेड होतं. पूर्वरंगात बुवा अभंगाचं निरूपण करणार, मध्ये बुक्का लागणार, उत्तररंगात आख्यान लागणार, हे देवळातल्या पायरीवर बसलेल्या पोरांनाही ठाऊक असायचं. आख्यानही ठाऊक असायचं. 'आज पुन्हा तोच क्रम!' अशी तक्रार कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. बुवा बदलले की तेच आख्यान कसं फुलतं किंवा कसं कोमेजतं, ते पाहायला लोक येत. साचा पुन्हा पुन्हा आला म्हणून भाग बिनचेहऱ्याचा होत नाही.

मूळ मालिकेतले ते पृथ्वीसारखे ग्रहही तसेच. एका ग्रहावर रोमन साम्राज्य विसाव्या शतकात पोचलेलं, एकावर नाझी, एकावर शिकागोचे गुंड. 'ब्रेड अँड सर्कसेस'मध्ये तर यासाठी 'हॉजकिनचा समांतर ग्रहविकासाचा नियम' असं भारदस्त नावही देऊन टाकलंय. खरं कारण भारदस्त नव्हतं. स्टुडिओत इतर सिनेमांचे सेट आणि कपडे तयार पडलेले होते, आणि परग्रह नव्याने उभा करायला पैसे लागतात. आम्हीही एकाच बंगल्यात तीन मालिकांची तीन घरं दाखवलेली आहेत, फक्त पडदे आणि तुळशीवृंदावनाची जागा बदलून. पण गुंडांच्या ग्रहावर टोपी घालून मोटार चालवायला धडपडणारा कर्क मला दुसऱ्या कुठल्या मालिकेत दाखवा बघू.

आता माझा एक गुन्हा कबूल करते, कारण माझी सगळी कसोटी त्यातूनच निघाली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एकाच वेळी दोन मालिकांचे संवाद लिहीत होते. जानेवारी होता. जानेवारीत प्रत्येक मालिकेत हळदीकुंकू येतं, जसं भाद्रपदात गणपती आणि श्रावणात मंगळागौर. एकीची एपिसोड बँक संपलेली. म्हणजे आज शूट झालेलं उद्या-परवा टीव्हीवर, अशी अवस्था. रात्री साडेअकराला प्रॉडक्शनचा फोन: सकाळी सातला हळदीकुंकवाचा सीन हवा. मी तिकडच्या मालिकेसाठी तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेला सीन उघडला. सासू थोरलीला चांदीचं वाण देते, धाकटीला मुद्दाम प्लास्टिकचा डबा, धाकटी डोळ्यांतलं पाणी लपवून हसते, शेजारीण खोचक बोलते. मी फक्त नावं बदलली. वैजूची शाल्मली केली, माईंची आईसाहेब केली. पाऊण मिनिटात सीन तयार. झोपले.

सकाळी आठला सेटवरून एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा फोन. त्या दोन्ही मालिकांमध्ये सासूच करत होत्या, हे माझ्या डोक्यातून साफ गेलेलं. म्हणाल्या, "अगं, हे मी आधी बोलल्येय गं. पाठ करायलाच नको, माझं पाठ आहे." आणि मोठ्याने हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सीन झाला, दाखवला गेला, एकाही प्रेक्षकाने ओळखलं नाही. न ओळखल्याचं दुःख मला पकडले गेल्यापेक्षा जास्त झालं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तर ही कसोटी: नावं बदला. बदलून भाग दुसऱ्या घरात बिनबोभाट नांदला, तर तो बिनचेहऱ्याचा.

आणि तुमच्या ट्रेकवाल्यांनी हे अगदी शब्दशः केलेलं आहे. १९८८ साली अमेरिकेत लेखकांचा संप झाला, मार्च ते ऑगस्ट, बावीस आठवडे. 'द नेक्स्ट जनरेशन'चा दुसरा सीझन तोंडावर आणि हातात लिहिलेलं फारसं काही नाही. मग त्यांनी कपाट उघडलं. सत्तरच्या दशकात 'फेज टू' नावाची एक ट्रेक मालिका करायचं ठरलं होतं, ती झालीच नाही, तिचा १९७९चा सिनेमा झाला. त्या न झालेल्या मालिकेसाठी लिहिलेली एक गोष्ट कपाटात होती. त्यात आयलिया नावाच्या अधिकारी बाईला अवकाशातल्या अनोळखी जिवापासून दिवस जातात. आयलियाच्या जागी जहाजावरची समुपदेशक डियाना ट्रॉय आली आणि 'द चाइल्ड' हा दुसऱ्या सीझनचा पहिला भाग तयार झाला. आयलिया म्हणजे कोण, तर आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा. तीच, जी १९६५ची मिस इंडिया होती आणि जिने या भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. तिच्या वाट्याची गोष्ट ट्रॉयला मिळाली, आणि मला दर वेळी तो भाग पाहताना ट्रॉयच्या दाट केसांखाली पर्सिसचं चकचकीत डोकं दिसतं. माझी वैजू अशीच शाल्मलीखाली दिसते मला.

'ओएसिस' तर माझ्या फोनच्या किश्श्याचं सख्खं भावंड. १९९४ साली 'डीप स्पेस नाइन'मध्ये 'शॅडोप्ले' नावाचा भाग आला. एका गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात, आणि ओडो या सुरक्षा-अधिकाऱ्याला शोधता शोधता कळतं की गाव होलोग्राम, म्हणजे यंत्राने उभा केलेला भास आहे, एक म्हातारा तेवढा खरा. २००२ साली 'एंटरप्राइज'मध्ये 'ओएसिस' आला. एका कोसळलेल्या जहाजावरची माणसं, त्यातला बाप आणि मुलगी खरी, बाकी सगळे होलोग्राम. आणि तो बाप कोणी केला? रने ओबेर्जनवा यांनी. म्हणजे ज्यांनी ओडो होऊन पहिलं गाव शोधून काढलं होतं त्यांनीच. त्यांनी त्या दिवशी लेखकाला फोन केला असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तुमच्या यादीत 'ओएसिस' तेहतिसावा आहे. तेहतिसावा! मेणबत्तीतल्या भुताच्या खाली!

हे सगळं होतं कशामुळे, तर गणितामुळे. त्या काळात एका सीझनला साधारण २६ भाग. प्रत्येक भागाचं शूटिंग सात-आठ दिवसांत. एक शूट होतोय, एक एडिटला, एकाची पटकथा बदलतेय, एकाची कल्पनाच नाही. आमच्या महिन्याच्या पंचवीस-सव्वीस भागांपुढे हे चैनीचं वाटेल, पण त्यांना दर आठवड्याला नवा ग्रह लागायचा, आम्हाला तोच दिवाणखाना चालतो. पॅरामाउंटच्या सोळा नंबरच्या स्टेजवर खडकांचा, गुहांचा सेट होता, त्याला युनिटमध्ये 'प्लॅनेट हेल' म्हणायचे. कितीतरी ग्रह त्या एका गोदामात जन्मले. पटकथेत शास्त्रीय बोलणं येईल तिथे लेखक नुसतं 'टेक' लिहून पुढे जायचे. जहाजाचा इंजिनिअर जॉर्डी म्हणणार, कॅप्टन, आपण टेकला टेक केलं तर टेक होईल. मग विज्ञान-सल्लागार ती जागा भरायचा. भारतीय वंशाचे नरेन शंकर हे कॉर्नेलचे डॉक्टरेट झालेले गृहस्थ काही काळ ते काम करत होते, पुढे तेच लेखक झाले. 'टेक' वाचून मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू! आम्ही 'इथे भांडण' असं लिहितो. कंस, इथे भांडण, कंस पूर्ण. रात्री भरतो.

त्यामुळे 'शेड्स ऑफ ग्रे'लाही मी तुमच्या यादीतून काढायला सांगणार आहे. १९८९ साली 'नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी पैसे संपले, मग जहाजावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला, रायकरला, विषारी काटा लागून बेशुद्ध पाडलं आणि त्याच्या 'आठवणी' म्हणून जुने तुकडे दाखवले. कंजूषपणा आहे, मान्य. पण शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकली की तिला कुणी सणाचं जेवण म्हणत नाही, आणि स्वयंपाकीणही तसा आव आणत नाही. त्या भागात निदान लपवाछपवी नाही.

व्हॉयेजरवर मात्र माझा राग आहे आणि तो जुना आहे. त्या मालिकेकडे केवढं मोठं भांडवल होतं! जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, पूर्ण वेगाने निघालं तरी पंचाहत्तर वर्षं लागतील, मदतीला कुणी नाही, आणि जहाजावर बंडखोरही भरलेले. पहिल्याच सीझनमध्ये 'द क्लाउड' भागात आपल्याला कळतं की टॉर्पेडो अडतीस उरलेत आणि नवे मिळायची सोय नाही. मी ते ऐकून सरसावून बसले होते. वाटलं, आता मजा. आता दर टॉर्पेडोला जीव खालीवर होणार. महिनाअखेरीला डब्यातले तांदूळ मोजणाऱ्या घरात वाढलेली मी, मला ही गोष्ट आतून कळत होती. पण पुढे चाहत्यांनी मोजायला घेतलं तर आकडा अडतीसच्या कितीतरी पुढे गेला. फुटलेलं जहाज पुढच्या आठवड्यात घासूनपुसून लख्ख. शटल गेली तरी पुन्हा शटल आहेच. म्हणजे ज्या घरात तांदूळ मोजायची गोष्ट होती, तिथे डबा आपोआप भरायला लागला, आणि मग त्या घरात आणि 'नेक्स्ट जनरेशन'च्या कॅप्टन पिकार्डच्या सुखवस्तू घरात फरक काय राहिला? अवकाशातला ढग, अनोळखी जीव, टेकला टेक, समाप्त. व्हॉयेजरचे जे भाग पिकार्डच्या जहाजावर जसेच्या तसे घडले असते त्यांना तुम्ही यादीत वर घ्या. गरीब घरातल्या माणसाने श्रीमंताचे संवाद बोलावेत तसं आहे ते. 'थ्रेशोल्ड'ला सोडा, त्या बिचाऱ्या सरड्यांना सोडा.

आता माझं मत. नुसतं दुसऱ्याच्या यादीला नावं ठेवून पळून जाणं बरं दिसत नाही.

'द नेक्स्ट जनरेशन', तिसरा सीझन, नववा भाग, नोव्हेंबर १९८९, 'द व्हेन्जन्स फॅक्टर'. तुमच्यातल्या अनेकांना तो आठवणारही नाही, आणि हाच माझा पहिला पुरावा. लुटारूंची टोळी आहे, गॅदरर्स. ते अकामार ग्रहावरचेच, पण पिढ्यांपूर्वी फुटून गेलेले. पिकार्ड मध्यस्थी करतो, की बाबांनो, घरी परत या. अकामारची राज्यकर्ती मारूक जहाजावर येते, सोबत तिची दासी युटा. ती स्वयंपाक करते, मालकिणीचं अन्न चाखून बघते. रायकरचं तिच्यावर मन बसतं. इकडे एक लुटारू मरतो, डॉक्टर क्रशर शोध लावते की मुद्दाम बनवलेल्या विषाणूने, आणि तो एकाच कुळाच्या माणसांना मारतो. मग अनेक दशकांपूर्वीच्या एका चित्रात युटा आजच्याइतकीच तरुण दिसते. तिचं कूळ या दुसऱ्या कुळाने संपवलेलं, मागे उरलेल्या मोजक्यांनी तिला निवडून, तिचं वय थोपवून, सूड घ्यायला पाठवलेलं. शेवटचा बळी म्हणजे लुटारूंचा म्होरक्या चॉर्गन. तहाच्या टेबलावर ती त्याला शिवायला जाते, रायकर पिस्तूल रोखून उभा. एकदा झाडतो, ती कोसळत नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती धुरासारखी नाहीशी होते.

नावं बदलून बघा. लुटारूंना घोडे द्या, अकामारला डोंगरातलं गाव करा, पिकार्डला शेरीफ करा. चालेल. युटाला राजवाड्यातली दासी करा आणि चॉर्गनला सरदार करा, तरी चालेल. कुणालाही आश्चर्य वाटायला नको, कारण हा भाग लिहिणारे सॅम रोल्फ हे जुने वेस्टर्नवाले. 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' ही पन्नासच्या दशकातली गाजलेली वेस्टर्न मालिका निर्माण करणाऱ्या दोघांपैकी एक. गंमत म्हणजे ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांनी उमेदवारीच्या काळात त्याच मालिकेचे वीसहून जास्त भाग लिहिले होते. आणि ट्रेक विकताना त्यांनी चॅनेलला सांगितलं ते काय, तर ही ताऱ्यांमधली 'वॅगन ट्रेन' आहे. 'वॅगन ट्रेन' हीसुद्धा तेव्हाची वेस्टर्नच. एका अर्थी सॅम रोल्फ माहेरीच आले होते. फक्त येताना माहेरचाच जुना पदार्थ घेऊन आले.

आता तुम्ही जहाजाचा सुरक्षाप्रमुख वॉर्फ याचा मुद्दा काढणार, मला माहीत आहे. त्या भागात लुटारू दबा धरून हल्ला करतात, पकडले जातात, आणि वॉर्फ त्यांना शांतपणे सांगतो की जरा जास्त वेळा आंघोळ केलीत तर तुमचा छापा यशस्वी होईल. कबूल. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालताच येत नाही. पिकार्ड ते बोलणार नाही, यंत्रमानव डेटाला ते विनोदी आहे हेच कळणार नाही. पंचेचाळीस मिनिटांत तेवढं एक वाक्य असं आहे, ज्याला चेहरा आहे. अशी एखादी ओळ मीही प्रत्येक भागात लपवते. त्या रात्री वेळ नव्हता.

इथवर पत्र लिहून मी थांबणार होते. तुम्हाला पाठवणारही होते. पण मे महिन्यात भाची राहायला आली, सोळा वर्षांची, आणि तिने स्टार ट्रेकचं एक अक्षर पाहिलेलं नव्हतं. मी त्या वयाच्या आधीच त्यात पडले होते. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मूळ मालिका लागायची. चिंचवडच्या कॉलनीत शेजाऱ्यांकडे जमिनीवर बसून, इंग्रजी न कळता, फक्त स्पॉकच्या भुवयांवर मी गोष्ट समजून घ्यायचे. तेव्हा मला त्यातलं काय टिपिकल आणि काय नवं, हे कळत नव्हतं. सगळंच पहिल्यांदा होतं.

मी या पत्रासाठी 'द व्हेन्जन्स फॅक्टर' पुन्हा बघत होते, वहीत खुणा करत. भाची आंब्याची कोय चोखत शेजारी येऊन बसली. पाच मिनिटांनी कोय ताटलीत गेली. शेवटी रायकर तिसऱ्यांदा गोळी झाडतो तिथे तिने माझं मनगट धरलं, चिकट हाताने. भाग संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या भागात रायकर कसा असतो गं?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, बघ तूच.

पुढचा भाग 'द डिफेक्टर'. रोनाल्ड मूर यांनी लिहिलेला, माझ्या मते अख्ख्या मालिकेतल्या उत्तम दहांपैकी एक. सुरुवातीलाच डेटा शेक्सपियरचा राजा हेन्री करतोय, पिकार्ड कौतुकाने बघतोय. भाचीने त्याकडे नीट लक्षच दिलं नाही. ती रायकरवर डोळा ठेवून होती. रायकर आला, अगदी धडधाकट. ट्रॉयबरोबर बसून त्या पळून आलेल्या रोम्युलनची, म्हणजे शत्रूपक्षाच्या माणसाची, उलटतपासणी करत होता, आवाज खणखणीत. प्रत्येक दृश्यात ती पुटपुटायची, "आता बोलेल. आता नाव घेईल." मी वहीत काहीच लिहिलं नाही.

शेवटी तो रोम्युलन विष घेऊन मरतो. बायको-मुलीसाठी पत्र ठेवून जातो, जे पोचवायची आज काही सोय नाही, कधीतरी शांतता झाली तर पोचेल, असं पिकार्ड म्हणतो. पडदा काळा झाला.

भाची म्हणाली, "याचं निदान पत्र तरी ठेवलं त्यांनी. तिचं काहीच नाही?"

तेव्हा माझं मत तुमच्या यादीत धरायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. 'ओएसिस' मात्र वर घ्या.

आपली,
दोन्ही मालिकांतल्या सासूची अपराधी,
एक संवादलेखिका